झोक्याचे पैसे

"झोका द्यायचे पैसे घेतात?"

माझ्या धाकट्याला आम्ही ऑक्युपेशनल थेरपीला नेतो, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवतात तिथं, आणि त्यांच्याकडं एक झोकाही आहे. तेव्हापासून हा प्रश्न मला बेळगावात उद्यमबागेतल्या चहाच्या गाड्यावर, अनगोळच्या गल्लीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारून झालाय. विचारणाऱ्याचा सूर असा, की ह्याला कोणीतरी टोपी घातली बघ. परवा खानापूरहून आलेल्या पाहुण्यानं तर हिशेबच मांडला. "आमच्या परसात चिंचेला दोर बांधतो, तिथं आणून बसव की त्याला. फुकट." म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळं लिहून काढावं. म्हणजे पुढच्या वेळी माझा चहा तरी गार होणार नाही.

माझं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. हायड्रॉलिकचे सुटे भाग करून देतो. घरी आई, आमची ही, मोठी मुलगी आणि धाकटा. धाकटा मराठी शाळेत तिसरीला आहे आणि त्याला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी टिकत नाही, अंगातली चळवळ थांबत नाही, आणि डोक्यात आलं की करून मोकळं व्हायचं, मग ते गॅलरीच्या कठड्यावर चढणं का असेना.

पोरं दंगा करतातच, त्यात आजार कसला, असं म्हणणारे भरपूर भेटतात. डॉक्टर मात्र नुसत्या दंग्यावर शिक्का मारत नाहीत. त्यांच्याकडं ९-९ लक्षणांच्या दोन याद्या असतात. एक लक्ष न लागण्याची, दुसरी चळवळ्या-उतावळेपणाची. मुलामध्ये एखाद्या यादीतली निदान ६ लक्षणं, निदान ६ महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात, आणि सुरुवात १२ वर्षांच्या आत झालेली असावी लागते. म्हणून शाळेच्या बाईंकडून वेगळा फॉर्म भरून आणायला लावतात. घरात उड्या मारणारं पोरगं शाळेत गप्प बसून धडा ऐकत असेल, तर गोष्ट वेगळी असू शकते. आणि उलटही होतं. खिडकीबाहेर बघत शांत बसणारी एखादी मुलगी पहिल्या यादीत पुरी बसत असते, खरं ती कोणाला त्रास देत नाही म्हणून कोणाच्या नजरेतच येत नाही. हे निदान बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ करतात. थेरपी करणारे नाही.

मोबाईलमुळं झालं, सुनेनं लाडावलं, पंचमीला जन्मलाय म्हणून असा, हे सगळं ऐकून झालं. डॉक्टर म्हणाले, ही गोष्ट घराण्यातून येण्याचं प्रमाण फार मोठं आहे. मोबाईलनं भर पडत असेल, मूळ तिथं नाही. हे घरी आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "मग तू कुठं वेगळा होतास?" विषय संपला.

औषधाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते माझं क्षेत्र नाही. ६ वर्षांखालच्या मुलांसाठी आधी आईवडिलांनाच वागणूक कशी हाताळायची याचं शिक्षण देतात. ६ च्या पुढं गरजेप्रमाणे मिथाइलफेनिडेट सारखं औषधही देतात, आणि लक्ष टिकण्यावर त्याच्याइतका चांगला पुरावा दुसऱ्या कशाचा नाही. भूक, वजन, उंची यांवर डॉक्टर नजर ठेवतात. आमचा धाकटा औषध घेतो. "थेरपी करतोय म्हणजे औषध नको ना?" असं विचारणाऱ्यांना एकच सांगणं, ते डॉक्टरांना विचारा. औषधानं पोरगं जागेवर बसतं. जागेवर बसलेल्या पोराला बुटाची नाडी बांधता येतेच असं नाही, आणि माझं पुढचं सगळं लिहिणं त्या नाडीबद्दल आहे.

पाहुण्यांचं दुसरं म्हणणं, ही थेरपी म्हणजे अलीकडचं पुण्या-बंगळूरचं खूळ. खूळ म्हणायचंच तर ते पाऊणशे वर्षांचं आहे. १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलात कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. बाई जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. १९५२ ला देशभरातल्या थेरपिस्टांची संघटनाही झाली. आम्ही बेळगावकर म्हैसूर राज्यात गेलो १९५६ ला. म्हणजे आमच्या पाट्यांची भाषा बदलण्याआधीपासून हे शिक्षण मुंबईत चालू आहे.

आता झोका.

आम्ही जातो तिथल्या थेरपिस्ट मॅडम धारवाडकडच्या. मराठी समजतं, बोलताना कन्नड मिसळतं, आमचं कन्नडही त्याच मापाचं, त्यामुळं जमून गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी झोक्याला हातही लावू दिला नाही. पोराला शर्टाची बटणं काढघाल करायला लावली, कात्रीनं वळणदार रेघेवर कागद कापायला लावला, पोटावर झोपवून हातपाय उचलायला लावले, भिंतीवरच्या तक्त्यातली एक ओळ वहीत उतरवायला दिली. स्वतः बाजूला बसून नुसतं लिहीत होत्या. मग आम्हा दोघांना सकाळी उठल्यापासून रिक्षात बसेपर्यंत काय काय होतं ते विचारलं. कोण उठवतं, ब्रश कुठं असतो, दप्तर रात्री भरता की सकाळी, डबा कोण देतं, आजी त्या वेळी काय म्हणते. आमच्या हिनं सांगायला सुरुवात केली ती थांबेचना.

शेवटी त्यांनी विचारलं, "तीन महिन्यांनी काय जमायला पाहिजे?"

मी म्हटलं, "शांत बसावं."

"तसं नको सर. डोळ्यानं दिसेल असं सांगा. शांत बसलं की नाही हे तुम्ही एक म्हणणार, अक्का एक म्हणणार."

अक्का म्हणजे आमची ही. बराच खल करून तीन गोष्टी ठरल्या. दप्तर स्वतः भरणं, बुटाची नाडी स्वतः बांधणं, आणि शाळेत फळ्यावरच्या पाच ओळी वाचता येतील अशा उतरवणं. ड्रॉइंगवर माप आणि टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिल्याशिवाय मी कुठला जॉब मशीनवर चढवत नाही, त्यामुळं मॅडमची ही पद्धत मला लगेच पटली.

आमच्याकडं नवीन पोरगा कामाला लागला आणि भोकं इकडंतिकडं पाडायला लागला, की दोन रस्ते असतात. एक, दिवसभर त्याच्या डोक्याशी उभं राहून शिव्या घालायच्या. दुसरा, एकदा जिग, म्हणजे जॉब पकडून ठेवणारा साचा, करून द्यायची. जिगमध्ये जॉब एकाच पद्धतीनं बसतो, ड्रिल तिच्यावरच्या बुशमधून, म्हणजे पक्क्या नळीतून, सरळ जायचं तिथंच जातं, आणि पोरगं पहिल्याच दिवशी बरोबर माल काढतं. हात बसल्यावर पुढं त्याला जिग लागतही नाही. मॅडमचं काम मला या दुसऱ्या रस्त्याचं वाटलं.

लिहिण्याचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथं गेला. आमच्या भागातल्या पोरांना तीन लिप्या एकदम सांभाळाव्या लागतात. मराठी वरच्या रेघेला लटकतं. इंग्रजी चार रेघांत वरखाली करतं. कन्नडला वर रेघ नाही, सगळं गोल गोल, आणि जोडाक्षर आलं की त्याचा अर्धा भाग अक्षराच्या पायाशी खाली जाऊन बसतो. साध्या पोरालाही हे जड जातं. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांचा हातही थोडा बेताल असतो, शरीराचा आणि नजरेचा मेळ बसत नाही. धाकट्याची वही बघितली तर मराठीत आधी पानभर शिरोरेघ ओढलेली, मग तिच्याखाली अक्षरं टांगत नेलेली, दोन शब्दांमध्ये फट नाही. कन्नडच्या वहीत वरच्या ओळीची खालची जोडणी पुढच्या ओळीच्या डोक्यात घुसलेली. पेन्सिल मुठीत धरल्यासारखी, अंगठा बोटांवरून गुंडाळलेला, आणि दाब इतका की पुढच्या चार पानांवर ठसा. मग टोक मोडायचं. टोक करायला कचऱ्याच्या डब्यापाशी जायचं. तिथं दुसरा कोणीतरी उभा असायचा. संपलं.

मॅडमनी अक्षराला हात लावायच्या आधी खुर्ची बघितली. जेवायच्या टेबलाची खुर्ची, पोराचे पाय हवेत. "तुम्ही पाय लोंबकळत ठेवून बारीक काम करून बघा," म्हणाल्या. मी खरंच दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून व्हर्नियरनं माप घ्यायला बसलो. पाच मिनिटांत कंबर भरली, हात टेकायला जागा शोधायला लागला. संध्याकाळी पायाखाली लाकडी खोका आला, गुडघे काटकोनात, टेबल कोपराच्या किंचित वर. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली. पायाला चाळा हवाच असतो, तो ट्यूब दाबण्यात जातो, आणि वरचं अंग जागेवर राहतं.

मग वही ठेवायला उतरता फळा आला, त्याचं माप शेवटी देतो. पेन्सिल तोकडी केली, कारण तोकडी पेन्सिल मुठीत धरताच येत नाही, ती चिमटीतच येते. जाड कागदात एका ओळीएवढी खिडकी कापून दिली, ती पानावर ठेवली की बाकीचं पान झाकलेलं. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावरच, आणि ती ओढून झाल्यावर डाव्या हाताचं बोट ठेवायचं, बोटाच्या पलीकडं पुढचा शब्द. कन्नड एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे खालच्या जोडणीला जागा मिळते. ओळ सुरू होते तिथं हिरवा ठिपका. हे सगळं लिहायला सोपं दिसतं. प्रत्येक गोष्ट बसायला आठवडे जातात, आणि मधे गणपतीची सुट्टी आली की पुन्हा मागं.

शाळेतल्या फळ्यावरून उतरवण्याचा घोळ वेगळा होता. मान वर, एक अक्षर डोक्यात, मान खाली येईपर्यंत ते गळालेलं. पुन्हा मान वर, तोवर कुठल्या ओळीवर होतो ते हरवलेलं. मॅडमनी त्याला एक ठराव घालून दिला. काय करायचं ते ठरव, कसं करायचं ते तोंडानं बोल, कर, मग स्वतः तपास. ही पद्धत कॅनडातल्या थेरपिस्टांनी बसवलेली आहे. आमचा धाकटा ती आपल्या भाषेत बडबडतो. "आधी पूर्ण शब्द बघणार, मनात म्हणणार, मग लिहिणार, मग बघणार." वर्गात शेजारचं पोरगं हसतं. हसू दे.

आणि झोका? तो शेवटी मिळतो. काम झालं की. झोक्याच्या आधी ढकलायची, ओढायची, चढायची, पोटावर सरपटायची कामं असतात. याच्या मागं १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या जीन एयर्स या थेरपिस्टनं मांडलेला विचार आहे. स्पर्श, तोल आणि सांध्यांवरचा दाब यांची माहिती मेंदू नीट जुळवत नसेल, तर वागणं आणि शिकणं दोन्ही अडतं, असा. विचार गाजला, पुरावा मात्र त्या मानानं कच्चाच राहिला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही सांगितलं की या थेरपीचा पुरावा मर्यादित आहे, आईवडिलांना तसं स्पष्ट सांगा, आणि ठरावीक काळानं फायदा दिसतोय का ते तपासा. वजनाचं जाकीट घातलं की पोरगं शांत होतं, याचाही पुरावा तोकडाच. मॅडमना सरळ विचारलं तर त्या म्हणाल्या, "झोक्यानं एडीएचडी जात नाही सर. दमणुकीचं काम झाल्यावर थोडा वेळ बसतो, त्या वेळात मी लिहायचं काम करून घेते. आणि झोका आहे म्हणून तो खुशीनं येतो." मला हे उत्तर आवडलं. पैसे घेतात ते त्या 'थोड्या वेळात' काय करून घ्यायचं हे माहीत असल्याचे.

याच्या उलट अनुभवही आहे. एका ठिकाणी पोराकडं धड न बघता वर्षभराचं पॅकेज आगाऊ भरायला सांगितलं, मेंदूचा डावा-उजवा भाग 'बॅलन्स' करून देतो म्हणाले, आणि आम्हाला काचेबाहेर बसवलं. मी निरोप घेतला. पदवी बीओटी किंवा एमओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीतली बॅचलर किंवा मास्टर, आहे का ते विचारायला लाजू नये, २०२१ पासून या व्यवसायांसाठी केंद्राचा कायदाही झालाय. आत बसू देतात का, घरी करायला काय देतात, तीन महिन्यांनी काय मोजणार, हे विचारावं. 'पूर्ण बरा करतो' म्हणाले की चप्पल घालावी.

घरी जड कामं द्या असं सांगितलं होतं. त्यात आमच्या भागाला कुठलं सामान विकत आणायला नको. भाकरीचं पीठ मळणं, भिजलेली चादर पिळणं, तांदळाचं पोतं ओढत कोठीपर्यंत नेणं, पाणी आलं की कळशा भरून आणणं. शेंगा फोडायला बसवलं तर बोटांचा व्यायाम आपोआप होतो, निम्म्या शेंगा तोंडात जातात एवढंच. खरी जादू मात्र तालमीत झाली, म्हणजे जादू हा शब्द मी जपून वापरतोय. गल्लीतल्या तालमीत त्याला सोडला तेव्हा वस्तादांना आजार-बिजार काही सांगितलं नव्हतं. त्यांनी तासभर बघितलं आणि म्हणाले, "ह्याला पयलं माती उकरायला लावतो. दमला की शिकंल." खोरं घेऊन लाल माती उकरायची, मग बैठका, मग एकच डाव, तोही तोंडानं न सांगता अंगाला धरून दाखवलेला. एका वेळी एकच सूचना. मॅडमना हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, मी पण हेच करते, फक्त माझ्याकडं माती नाही. व्यायामानं या मुलांचं लक्ष थोड्या वेळासाठी सुधारतं हे अभ्यासांतही दिसलंय. तालमीहून आल्यावर हातपाय धुऊन लगेच अभ्यासाला बसवायचं, ती वेळ आम्ही चुकवत नाही.

आता नाडी.

नाडीला खरा अडसर पोराचा नव्हता, माझ्या आईचा होता. "कशाला तरास देतायसा त्या लेकराला? मी बांधतो की." (आमच्याकडं बायकाही 'मी बांधतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) रोज सकाळी ती पाटावर बसायची, नातवाचा पाय मांडीवर, दोन मिनिटांत दोन्ही बूट तयार. मॅडमनी आजीला एकदा घेऊन या म्हणून सांगितलं. आम्हाला वाटलं आता आजीला चार शब्द ऐकावे लागणार. त्यांनी उलट आजीलाच काम दिलं. "आजी, सगळं तुम्हीच बांधा. शेवटचं ओढायचं तेवढं त्याला द्या."

म्हणजे गाठ, फास, फासातून फास, सगळं आजीनं करायचं आणि दोन्ही फास धरून शेवटचा ताण पोरानं द्यायचा. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरीही त्याची. असं मागून पुढं यायचं. यातली खुबी अशी की पोरगं रोज बांधलेल्या नाडीवरच थांबतं. पहिल्या पायरीपासून शिकवलं असतं तर रोज अर्ध्यावर सोडून उठलं असतं. नाडीची दोन टोकं दोन रंगांची घेतली, लाल आणि पिवळी, म्हणजे "ही नव्हं, ती" म्हणायची गरज नाही. "लाल आत घाल" म्हटलं की झालं. आजीला याचा इतका नाद लागला की ती शेजारच्या बायकांना शिकवायला लागली. पोरगं नाडी बांधायला शिकल्यावर तिला रुखरुखही लागली, ते वेगळं. मग मॅडमनी तिला दुसरं काम दिलं, सकाळी आठ-आठ सूचना करायच्या नाहीत, दारावरच्या चित्राकडं नुसतं बोट दाखवायचं. हे काम तिला अजून जड जातं.

दारावर चार फोटो आहेत. त्याच्याच वस्तूंचे, आमच्या हिनं मोबाईलवर काढून प्रिंट केलेले. दप्तर, डबा, बाटली, बूट. दप्तर रात्रीच भरून दाराजवळच्या खोक्यात. "पाच मिनिटांत आवर" याला त्याच्या लेखी अर्थ नसतो, पाच मिनिटं आणि पन्नास मिनिटं त्याला सारखीच वाटतात. म्हणून घड्याळाच्या काचेवर लाल पट्टी चिकटवलीय. मोठा काटा पट्टीत शिरला की बूट.

शाळेत बाई चांगल्या मिळाल्या, हे नशीब. पहिल्या बाकावर, भिंतीच्या कडेला, दाराकडं पाठ करून बसवतात. वह्या गोळा करून ऑफिसात नेऊन द्यायचं काम त्याचं, त्यामुळं त्याला उठायला हक्काचं कारण मिळतं. गणितं दहाऐवजी पाच, खरं ती पूर्ण. कन्नडच्या सरांना मात्र अजून वाटतं की पोरगं मुद्दाम करायलाय. गंमत म्हणजे धाकट्याचं कन्नड शाळेपेक्षा थेरपीत जास्त सुधारलं. एळू, निल्लू, निधान. उठ, थांब, सावकाश. परवा बाजारात माझीच स्कूटर गर्दीत घुसायला लागली तर मागून ओरडला, "पप्पा, निधानऽ!"

कागदपत्रांचं सांगायचं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा नाही. खरं बऱ्याच मुलांत एडीएचडीच्या जोडीला ती वाचन-लेखनाची अडचणही असते, म्हणून तपासणी दोन्हीची करून घ्यावी, प्रमाणपत्राचा रस्ता तिकडून निघतो. आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत, सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीचं पथक येतं, त्यांच्या ३० अवस्थांच्या यादीत एडीएचडी आहे, १८ वर्षांपर्यंत. पथक आलं की पोराचं नाव बाईंना सांगून आवर्जून पुढं करा. डोळे, दात बघून पथक निघून जातं, कारण कोणी बोलतच नाही. निपाणीकडच्या लोकांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, ते तिकडं जातात आणि मराठीतून थेरपी मिळते म्हणून खूश असतात. खासगीत जायचं तर जावं. सरकारी कागद मात्र कुठं आणि कसे करायचे ते आधी विचारून घ्यावं, आणि फॉर्म भरून देणारा माणूस सोबत न्यावा.

सध्या नाडी झाली, दप्तर बऱ्याच दिवशी होतं, पाच ओळींपैकी तीन वाचता येतात. पुढचं काम ठरलंय, कोपऱ्यावरून एकट्यानं दूध आणणं. रस्ता ओलांडताना कुठं थांबायचं, सुट्टे कुठल्या खिशात, पिशवी कुठल्या हातात, याची तालीम चाललीय.

आता त्या उतरत्या फळ्याचं माप, कारण फोन त्याचेच जास्त येतात. १२ एमएम प्लाय, रुंदी १६ इंच, उताराची लांबी १४ इंच. मागची उंची ५ इंच ठेवली की साधारण २० अंशांचा उतार येतो. खालच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी, वही घसरू नये म्हणून. वर एक क्लिप. बुडाला चार कोपऱ्यांत ट्यूबचे तुकडे चिकटवा, नाहीतर टेबलावरून सरकतो. कडा पॉलिश पेपरनं नीट मारा, मनगट घासतं तिथं. सुताराकडं जायच्या आधी पोराला खुर्चीत बसवून, पाय टेकवून, कोपराची उंची मोजून घ्या. टेबलच उंच असेल तर फळा चढवल्यावर खांदे वर जातात, मग आधी खुर्चीवर पाट ठेवा.